दहिफळे बाईंचा शनिवार

दहिफळे बाई साडीखाली पांढरे बूट घालायच्या. खेळाच्या तासाला मुलं घालतात तसले, लेस बांधायचे बूट. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर त्या बुटांवरच गेली. तिसगावच्या स्टँडवर मी नुकतीच एसटीतून उतरले होते. हातात नेमणुकीचा कागद होता, पायाशी बॅग होती. ज्या वाडीच्या शाळेवर मला रुजू व्हायचं होतं तिकडे जीप जाते की नाही, हे कुणी धड सांगत नव्हतं.

"नव्या मॅडम का?" मागून आवाज आला. "त्वांडावरच लिव्हलंय. कुठल्या?"

"अकोल्याची. विदर्भातलं नाही, आपल्याच जिल्ह्यातलं अकोले."

"म्हंजी भातवाल्या. आमच्याकडं बाजरीवर निभवायचं बघा. बसा मागं, माझी शाळा तुमच्या वाटंवरच हाय."

असं म्हणून त्यांनी माझी बॅग स्कूटीच्या पुढच्या जागेत दोन बुटांच्या मधे ठेवली आणि किक मारली. रस्ताभर त्या बोलत होत्या. कुठल्या वस्तीवर कुत्री अंगावर येतात, कुठल्या सरपंचाला नमस्कार केलेला आवडतो, उन्हाळ्यात टँकर कधी येतो. शाळेचं मात्र काहीच बोलल्या नाहीत. मला वाडीच्या फाट्यावर सोडताना एवढंच म्हणाल्या, "शनिवारी शाळा सुटली की बरडवस्तीला या. माझ्या शाळेवर. डबा आणा."

आमची शाळा दोन शिक्षकी होती, पण दुसरे सर बदली होऊन गेले होते आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. म्हणजे चार वर्ग आणि मी एकटी. एका वर्गाला पाढे लावून दुसऱ्याला वाचायला शिकवायचं, तोवर तिसऱ्यात मारामारी. संध्याकाळी खोलीवर आले की बोलायला कुणी नसायचं. आईला फोन केला की ती विचारायची, "कसं चाललंय?" आणि मी म्हणायची, "छान." शनिवारी मी बरडवस्तीला गेले ती खरं तर कुणाशी तरी बोलायला मिळेल म्हणून.

शाळेच्या ओसरीत सतरंजी घातली होती. बिनदुधाच्या चहाची किटली होती, भाजलेल्या शेंगा होत्या. आजूबाजूच्या शाळांवरचे आणखी काही शिक्षक होते. त्यांतले शेख सर रोज नगरहून मोटारसायकलवर यायचे, आणि तांबे गुरुजी मोठ्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांची मुलं दरवर्षी शिष्यवृत्तीला लागायची, त्यामुळे तालुक्यात त्यांना मान होता.

बाईंनी सुरुवातच अशी केली, "आपलं काय चांगलं झालं ते घरी सांगायचं. बायकोला, नवऱ्याला. हितं काय जमलं न्हाई तेवढंच सांगायचं."

शेंगा फोडण्याचा आवाज तेवढा येत होता.

"बरं, मीच सांगते," बाई म्हणाल्या. "मला भागाकार शिकवता येत न्हाई. इतकी वर्षं नोकरी झाली. पोरं गणितं बरोबर करत्यात. पण का तसं करायचं ते त्यांना म्हाईत न्हाई, आन् खरं सांगते, मलाबी न्हाई. तो आकडा खाली उतरवायचा म्हणतो आपण. का उतरवायचा?"

तांबे गुरुजी हसले. "बाई, असं बोलून दाखवायचं असतं का? पालकांनी ऐकलं तर?"

"ऐकू द्या की. त्यांच्यातल्या कुणाला येत असंल तर तो सांगंल."

गुरुजी चहा संपवून उठले. "शिकवणाऱ्यांनीच शाळेत बसायचं म्हणजे कमाल झाली," असं म्हणून गेले. पुढचे कित्येक शनिवार ते आले नाहीत.

शेख सरांनी मात्र कुंपणाच्या तुराट्या मोडून आणल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे बांधले, दोन काड्या सुट्या ठेवल्या आणि म्हणाले, "चार जणांत वाटा." बाईंनी प्रत्येकाला एक गठ्ठा दिला. एक उरला. तो कुणाला द्यायचा, म्हणून त्या थांबल्या. सर म्हणाले, "सोडा तो." गठ्ठा सुटला, त्याच्या दहा काड्या आणि आधीच्या दोन एकत्र झाल्या, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीन आल्या.

"आता आकडा खाली उतरला," सर म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. ही त्यांची सवय मला नंतर नीट कळली. नीट ऐकायचं असलं की त्या चष्मा काढायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "डोळे मधीमधी करत्यात." त्या दिवशी चष्मा काढून त्या म्हणाल्या, "थांबा. परत दाखवा." मग पुन्हा. मग स्वतः करून पाहिलं. आणि एकदम मांडीवर थाप मारून अशा ओरडल्या, की शाळेपुढच्या चिंचेवरचे पक्षी उडाले.

पुढच्या शनिवारी त्या आपल्या चौथीतली दोन मुलं घेऊन आल्या आणि आम्हा सगळ्यांना त्यांच्यापुढे बसवलं. भागाकार आम्हाला मुलांनी शिकवला. तेव्हापासून शनिवारच्या बैठकीला मुलंही येऊ लागली. कधी ती आम्हाला शिकवायची, कधी आम्ही एकमेकांना शिकवायचो आणि ती ऐकत बसायची. आपल्या शिक्षकांनाही काही गोष्टी येत नाहीत आणि ते विचारून विचारून शिकतात, हे बघून माझ्या वर्गातली सगळ्यांत बुजरी मुलगीसुद्धा हात वर करायला लागली. मी तिला त्यासाठी वेगळं काही शिकवलं नव्हतं.

बाईंचे काही हट्ट होते. वर्गात "समजलं का?" हा प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांतला सगळ्यांत मोठा. "तसं इचारलं की पोरं 'हो' म्हणत्यात. खोटं बोलायला आपणच शिकवतो त्यांना." त्याऐवजी त्या मुलाला शेजारच्याकडे वळवायच्या, "ह्याला सांग बरं, मंग बघू." दुसऱ्याच्या शाळेत गेल्या की खुर्चीवर बसायच्या नाहीत. शेवटच्या रांगेत मुलांमधे बसायच्या आणि मधेच एखाद्या मुलाला कोपरानं ढोसून विचारायच्या, "मॅडमनी काय सांगितलं रे? माझं ध्यान नव्हतं." साहेब तपासणीला आले तरी त्यांची बोली बदलायची नाही. 'न्हाई'चं 'नाही' झालेलं मी कधी ऐकलं नाही. आणि त्या रागवायच्याही भरपूर. शेख सर दोनदा उशिरा आले, तर तिसऱ्या वेळी त्यांना शेंगा मिळाल्या नाहीत.

दसरा झाला आणि ट्रॅक्टर यायला लागले. आमच्या भागातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं. सोमवारी भरलेला वर्ग गुरुवारी अर्धा होतो. जाणाऱ्या ट्रॉलीत भांडी, गाठोडी, शेरडं, म्हाताऱ्या आणि माझी मुलं बसलेली. त्यांतला एक हात हलवत म्हणाला, "मॅडम, माझं पुस्तक ठिवा, मी आल्यावर वाचीन." उन्हाळ्याच्या तोंडाशी तो परत येणार होता. तोवर त्याला जेमतेम आलेली बाराखडीही विसरलेली असणार होती.

त्या शनिवारी माझी पाळी आली. मी म्हणाले, "माझी निम्मी शाळा गेली."

सगळ्यांची तीच गत होती. आणि ती दरवर्षीचीच असल्यानं बाकीच्यांनी ती मान्य करून टाकली होती. बाईंनी चष्मा काढला.

"कुणाची पोरं कुठं गेली, सांगा बरं."

ओसरीच्या फरशीवर त्यांनी खडूनं गोल काढायला सुरुवात केली. एक गोल म्हणजे एक तळ, कारखान्याजवळची कोप्यांची, तोडकऱ्यांच्या झोपड्यांची वस्ती. प्रत्येकानं आपापली मुलं सांगायची, बाई त्या त्या गोलात नाव लिहायच्या. माझी काही मुलं जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका कारखान्याच्या तळावर होती. शेख सरांची त्याच तळावर. बाईंचीही तिथंच. एकाच मुकादमानं आसपासच्या गावांतून टोळी उचलली होती. आम्ही प्रत्येक जण आपल्या दोन-चार मुलांसाठी हळहळत बसलो होतो, आणि फरशीवर एक अख्खा वर्ग तयार झाला होता.

"आरं, ही तर शाळाच हाय की!" बाई म्हणाल्या. "मास्तर तेवढा न्हाई."

त्या तळावर सगळ्यांत मोठी होती वैशाली, सातवीतली. ती तांबे गुरुजींच्या शाळेची; तिचं नाव बैठकीला आलेल्या मुलांनी सांगितलं. बाई लगेच स्कूटी काढून गुरुजींकडे निघाल्या, मला मागे बसवून. गुरुजी अंगणात पाणी मारत होते. वैशालीचं नाव काढताच त्यांनी बादली खाली ठेवली.

"शिष्यवृत्तीला लागली असती ती," ते म्हणाले. "पण तिचं शिक्षण संपलं, बाई. बापानं जातानाच सांगितलं. धाकटा भाऊ सांभाळायचा, परत आल्यावर शाळा बंद. मी काय करणार?"

"तुमी एकटे काय बी करू शकत न्हाई," बाई म्हणाल्या. "मी बी न्हाई. म्हणून तर आले."

रविवारी बाई, गुरुजी, शेख सर आणि मी असे चौघं निघालो. दोन एसट्या बदलून आणि पुढं उसाच्या गाडीवर बसून तळावर पोचलो. पाचटानं शाकारलेल्या कोप्यांच्या रांगा, बैल, धूर. मोठी माणसं फडात गेलेली आणि कडेवर लहानग्यांना घेतलेली थोडी मोठी मुलं मागे राहिलेली. वैशालीनं गुरुजींना पाहिलं आणि भावाला कडेवरून उतरवून पदर नसतानाही पदर सारखा करावा तसा हात खांद्याशी नेला. गुरुजी तिच्याकडे बघत उभे राहिले.

मुकादम आला. "बाई, पोरांना कामाच्या वक्ताला नादी लावू नका."

"कामाच्या वक्ताला कशाला? सांजच्याला, दिस मावळायच्या आधी. तुमचीबी पोरं हितंच हायेत ना?"

"हायेत."

"त्यांना बसवू का नको, तेवढंच सांगा."

मुकादमानं शेजारच्या बैलाची वेसण सारखी केली. मग म्हणाला, "बसवा."

वैशालीचा बाप दुपारी जेवायला फडातून आला तेव्हा त्यानं आधीच हात जोडले. "बाई, पोरगी मोठी झाली. तिच्या शाळंचं काय बोलू नका."

"न्हाई बोलत," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच बोलल्या नाहीत. त्या वैशालीकडे वळल्या. "ह्या बारक्यांना तू शिकवशील का?"

"मला न्हाई येत शिकवायला."

"आमालाबी न्हाई येत. आमी शनिवारी बसतो आन् एकमेकांना इचारतो. तूबी आता त्यातलीच. शनिवारी बापाच्या मोबाईलवरून फोन करायचा आन् काय आडलं ते सांगायचं. आमचं आडलं की आमी तुला सांगू."

वैशालीनं बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "फोनला काय हाय, कर."

मग तांबे गुरुजी पाचटावर मांडी घालून बसले. तालुक्यात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यासाठी ओळखला जाणारा माणूस. त्यांनी वैशालीला समोर बसवलं आणि पहिलीच्या मुलाला पहिलं अक्षर कसं द्यायचं, ते तिला दाखवलं. ऊन कलेपर्यंत ते दोघं उठले नाहीत.

परतीच्या एसटीत गुरुजी खिडकीशी बसले होते. मग बाईंकडे न बघताच म्हणाले, "माझ्या शाळेत तिसरीची निम्मी मुलं वाचत नाहीत. शिष्यवृत्तीची चार पोरं पुढं करतो, त्यामुळे कुणाला दिसत नाही."

"शनिवारी सांगा," बाई म्हणाल्या. "शेख सरांकडं कायतरी युक्ती हाय त्याच्यावर."

तो सगळा हिवाळा आम्ही शनिवारी बाईंच्या मोबाईलभोवती कोंडाळं करून बसायचो. मोबाईल रिकाम्या पातेल्यात ठेवला की आवाज मोठा येतो, हा शोध मुलांचा. पलीकडून वैशाली बोलायची आणि मागून बैलांच्या घंटा वाजायच्या.

"सर, पहिलीतला सोन्या 'ब' आन् 'व' यकच वाचतो."

आम्ही चौघं एकदम बोलायचो. ती शांतपणे ऐकून म्हणायची, "ते करून बघितलं. न्हाई होत." मग पुन्हा खल. एकदा तिनंच सांगितलं, की तिनं तळावरच्या बैलांची नावं कोळशानं फळकुटावर लिहिली आणि ज्याला जे नाव वाचता येईल त्यानं त्या बैलाला वैरण घालायची, असा खेळ लावला. गुरुजींना तो इतका आवडला, की त्यांनी आपल्या तिसरीत गावातल्या गाई-बैलांची नावं लावली. बैलांची संपली तेव्हा शेळ्यांची. महिनाभरानं ते ओसरीत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "वाचायला लागली!" मग फोनमधे वाकून ओरडले, "वैशाले, माझी पोरं वाचायला लागली!" पलीकडे ती हसत होती. मागची मुलंही हसत होती. गावात आजी-आजोबांकडे राहिलेली मुलं तळावरच्या मुलांसाठी धडे वाचून पाठवायची, तळावरची मुलं त्यांना कोडी घालायची. कोण कुणाच्या शाळेचं, हे आम्ही विसरून गेलो होतो.

पाडव्यानंतर ट्रॅक्टर परत आले. बाईंनी साऱ्या गावांतल्या पालकांना एका सकाळी बरडवस्तीच्या मैदानात बोलावलं. हार नाहीत, भाषण नाही, माईक नाही. फळा बाहेर आणून चिंचेला टेकवून ठेवला आणि बाई म्हणाल्या, "ही पोरं तळावर ऱ्हाऊन आली. कुणीबी यावं, फळ्यावर मनाला येईल ते लिव्हावं. पोरं वाचत्यात का बघा."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी बाईंच्या कानाशी म्हणाले, "बाई, आपणच काही लिहू या ना." त्यांनी मला नुसतं डोळ्यांनी गप्प केलं.

शेवटी मुकादम उठला. त्यानं खडू घेतला, जीभ दातात धरून वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं आणि मागे सरला. मुद्दाम अवघड लिहिलं होतं.

बाईंनी सोन्याला पुढे केलं. पहिलीतला, शेंबडा, गुडघ्यापर्यंत चड्डी आलेला. तो फळ्यासमोर उभा राहिला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. वैशाली मागे तिच्या आईजवळ उभी होती, तिच्या मुठी आवळलेल्या.

"ट्रॅ... ट्रॅक्टर," सोन्या म्हणाला. मग एका दमात, "ट्रॅक्टर चिखलात फसला."

कुणी टाळी वाजवायच्या आत तो मुकादमाकडे वळला. "पर मुकादम, 'फसला' न्हाई. 'रुतला' पायजे."

सगळं मैदान हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मुकादम हसला. मग बायाच उठायला लागल्या, "माझ्या पोराला वाचायला लावा", "माझीला लावा". कुणी नवऱ्याचं नाव लिहिलं, कुणी गावाचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या शेजारणीकडून लिहून घेत होत्या. मुलं वाचत होती. एक अडलं तर दुसरं त्याला सांगत होतं.

सोन्याच्या आईनं विचारलं, "ह्याला शिकवलं कुणी?" सोन्यानं बोट केलं आणि सगळी माणसं वैशालीकडे वळली. ती आईच्या मागे सरली. तिचा बाप टोपी हातात घेऊन उभा होता. सोन्याची आई सरळ त्याच्यापुढे जाऊन म्हणाली, "भाऊजी, हिला शाळंतनं काढली तर आमच्या पोरांचं कसं व्हायचं?" दोघीतिघींनी तोच सूर धरला.

त्यानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग तांबे गुरुजींना विचारलं, "गुरुजी, आठवीची शाळा कुठं हाय?"

"तिसगावला."

"आन् येष्टी कितीला हाय?"

गुरुजींनी डोळे पुसले आणि वेळ सांगितली. बाई रडल्या नाहीत. त्यांनी बुटांच्या लेस सोडल्या, बूट झटकले आणि अनवाणीच मैदानभर फिरत प्रत्येक मुलाच्या पाठीत एकेक धपाटा घातला. शेख सरांना, मला आणि तांबे गुरुजींनाही. गुरुजींना जरा जोरातच बसला.

त्यानंतरच्या वर्षी फरशीवरचे गोल वाढले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. तालुक्याच्या दुसऱ्या भागांतले शिक्षक येऊन बसू लागले आणि मग आपापल्या गावी शनिवार भरवू लागले. वैशाली आता नगरला कॉलेजात आहे. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी आम्ही सत्काराचं काढलं, तर म्हणाल्या, "शनिवार हाय आज. सत्कारात दुपार जाईल." आणि भूमितीवर बसवलं आम्हाला.

मागच्या महिन्यात त्या मला पुन्हा दिसल्या. हल्लीचा शनिवार तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत भरतो, तो चालवणारी मॅडम नवी आहे, तिनं बाईंना कधी पाहिलेलं नाही. मी परतीच्या गाडीच्या घाईत होते, दारातून निघतच होते, तेवढ्यात बाई आल्या. केस पांढरे झाले होते. नवी मॅडम पुढे झाली.

"या आजी. कुणाच्या पालक तुम्ही?"

मी तोंड उघडलं. बाईंनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून मान हलवली.

"कुणाची न्हाई," त्या म्हणाल्या. "बसू का?"

"बसा की. त्या चौथीच्या गटात जागा आहे."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, मला पळावं लागलं. गाडी शाळेला वळसा घालून निघाली तेव्हा खिडकीतून आत दिसत होतं. दहिफळे बाई भिंतीशी, मुलांच्या मधे मांडी घालून बसल्या होत्या. दोन वेण्यांची एक मुलगी गुडघ्यांवर उभी राहून त्यांना हातवारे करून काहीतरी समजावत होती. बाई ठामपणे मान हलवून नाही म्हणत होत्या, शेजारचा मुलगा मुलीच्या बाजूनं भांडत होता, आणि नवी मॅडम हातातला खडू तसाच धरून त्यांचं भांडण ऐकत उभी होती.